घोडे एका लयीत, गाणं दुसऱ्याच

शिगमो, म्हणजे आमचा गोव्याचा शिमगा, संपून महिना होत आला तरी पत्रं अजून त्याचीच येतायत, आणि बहुतेकांचं रडगाणं एकच, रीलवर गाणं बसत नाही. म्हणून यावेळी सगळे प्रश्न त्यावरचेच घेतलेत. माझी लायकी विचाराल तर वीसेक वर्षं लग्नाच्या कॅसेटी, मग सीड्या, मग पेनड्राइव्ह, आणि त्याआधी गावच्या भजनात तबला. यातला तबलाच जास्त कामाला येतो असं हल्ली वाटायला लागलंय.

प्रश्न: काका, आमच्या गावच्या घोडेमोडणीचं, ते कमरेला लाकडी घोडा बांधून तलवार घेऊन नाचतात ना त्याचं, तीस सेकंदांचं रील केलं. शूट झकास आलंय, तलवार खाली येते तो शॉट तर एकदम भारी. त्यावर एक फास्ट ढोलाचं गाणं टाकलं पण भावंडं हसतात, म्हणतात घोडे एकीकडे आणि गाणं एकीकडे. चार गाणी बदलली, तेच. काय चुकतंय?
- कॉलेजचा एक पोरगा, डिचोली

उत्तर: अरे बाबा, तू गाणं पहिल्या सेकंदापासून लावलंस, बरोबर? सगळे तेच करतात. व्हिडिओची सुरुवात आणि गाण्याची सुरुवात एकमेकांना चिकटवायची आणि मग देवाक काळजी. आम्ही तबल्यात तिहाई घेतो ना, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतो, तेव्हा ती कुठून उचलायची हे समेवरून मागे मोजून ठरतं, आधी समेवरचा धा पक्का आणि मग मागे मोजत जायचं. इथेही तसंच कर. तुझी सम म्हणजे ती तलवार. समज ती ७.४ सेकंदाला खाली येते, आणि गाण्यातला सगळ्यात जोरकस ठोका ११ व्या सेकंदाला आहे, तर गाण्याचे पहिले ३.६ सेकंद कापून टाक आणि तिथून सुरू कर. सुरुवात मध्येच उचलल्यासारखी वाटली तर अर्ध्या सेकंदाचा फेड दे, म्हणजे आवाज हळूहळू वर आण, कोणाला कळत पण नाही.

आता तलवार खाली येते म्हणजे नक्की कुठली फ्रेम? हात वर असतो ती नाही, निघतो ती पण नाही, जिथे हालचाल थांबते किंवा दिशा बदलते ती. पाय उचलतो तिथे ठोका नसतो, पाय जमिनीला लागतो तिथे असतो. एकेक फ्रेम पुढे सरकवत बघ आणि तिथे मार्कर टाक. गाण्याच्या पट्टीवर ते डोंगरासारखे उंचवटे दिसतात ना, त्यातल्या उंच टोकाचा पायथा जिथे सुरू होतो तो ठोका, टोक नव्हे. आणि एकदोन फ्रेम इकडेतिकडे होणारच असतील तर आवाज उशिरा येऊ दे, आधी नको. वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून येतो, कानाला त्याची सवय आहे, उलटं झालं की लगेच खटकतं. टीव्हीसाठी आयटीयूने, म्हणजे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने, जे आकडे काढलेत तेही हेच सांगतात: आवाज ४५ मिलिसेकंद आधी आला की लोकांच्या लक्षात यायला लागतं, उशीर मात्र १२५ पर्यंत खपून जातो. तुझा व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेमचा असेल तर एक फ्रेम साधारण ३३ मिलिसेकंदांची, म्हणजे दोन फ्रेम आधी गेलास तर पकडला जाशील, तीन फ्रेम मागे राहिलास तर चालून जाईल.

मला हे कसं कळलं तर एका लग्नात अंतरपाट खाली जायच्या जवळजवळ सेकंदभर आधीच मी सनई चढवून ठेवली होती, नवरीची आई बघताना एवढंच म्हणाली, "वाजंत्र्याला आधीच कसं काय कळलं?" त्यानंतर आजपर्यंत ती चूक नाही.

पण तुझं खरं दुखणं वेगळंच आहे असं मला वाटतं. घोडेमोडणीवाले तिथल्या ढोल-ताशावर नाचतायत, त्यांच्या पायांना त्यांची स्वतःची लय आहे. पंधरा सेकंदात किती पावलं पडतात ते मोज आणि चारने गुण. २६ पडली तर लय झाली मिनिटाला १०४ ठोक्यांची. तुझं गाणं असेल १२० चं, मग एक तलवार जुळेल पण पाय पुढच्या दोन सेकंदात सुटणारच, त्याला तू गाणी चार बदल नाहीतर चाळीस. यावर उपाय म्हणजे १०४ च्या जवळपासचं गाणं शोध, किंवा बरोब्बर निम्म्या लयीचं, ५२ चं, त्याच्यावर पावलं दुगुणीत, एका ठोक्याला दोन अशी, बसतात आणि ते फारच देखणं दिसतं. व्हिडिओचा स्पीड चारपाच टक्के वाढवला तर सहसा कळत नाही, पण १०४ वरून १२० म्हणजे पंधरा टक्के झाले, घोडे चावी दिल्यासारखे पळतील. ते नको. तेच गाणं हवं असा हट्टच असेल तर पाय दाखवू नको, चेहरे, तुरे, गुलाल, अब्दागीर हे दाखव आणि पायाचा शॉट फक्त तलवारीच्या आसपास एकदाच.

खरं सांगू, मी असतो तर तिथला ढोलच ठेवला असता. पण तू विचारलं नाहीस.

प्रश्न: इअरफोनवर ऐकून सगळं परफेक्ट जुळवते, मैत्रिणीच्या फोनवर बघितलं की गाणं पुढे-मागे. माझा फोन खराब आहे का?
- मडगावहून एक वाचक

उत्तर: फोन ठीक आहे बाय, तुझे ते बिनवायरचे इअरफोन बदल. ब्लूटूथवर आवाज कानापर्यंत यायला सहज १०० ते २०० मिलिसेकंद जातात, म्हणजे तीन ते सहा फ्रेम. नुसतं बघताना बरीच अॅप्स चित्र थोडं थांबवून ते सांभाळून घेतात पण एडिट करताना तसं होईलच याचा भरवसा नाही, मग तू त्या उशिराला धरून जुळवतेस आणि दुसरीकडे सगळं सरकलेलं दिसतं. वायरवाला इअरफोन घे, म्हापशाच्या बाजारात शंभर-दीडशेत मिळतो, नाहीतर फोनच्या स्पीकरवरच जुळव.

प्रश्न: शिगमो परेड गच्चीवरून झूम करून घेतली. गाणं घातलंच नाही, ओरिजिनल आवाज आहे, तरी ढोलाची काठी आधी पडते आणि आवाज मागून येतो. हे कसं काय?
- फोंडा

उत्तर: कारण चित्र झूमने जवळ आलं, आवाज आला नाही. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, ढोल ७० मीटर लांब असेल तर ०.२ सेकंद उशीर, ३० च्या व्हिडिओत सहा फ्रेम. ऑडिओ वेगळा कर आणि सहा फ्रेम डावीकडे ओढ, म्हणजे तो तेवढा आधी वाजेल, झालं. पथक चालत जवळ येत असेल तर उशीर कमी कमी होत जातो, तेव्हा शॉटगणिक वेगळं जुळवावं लागतं, कंटाळवाणं आहे खरं.

प्रश्न: आमच्या खानावळीच्या पेजवर चवथीला जुनी आरती वापरली तर आवाज बंद केला. आरती तर आजोबांच्या काळातली! आणि तीस सेकंदांपेक्षा कमी चालतं ना?
- साखळी

उत्तर: तो तीस सेकंदांचा नियम कुठून आला देव जाणे, आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात असलं काही नाही. आरती आजोबांच्या काळातली असेल, पण तुम्ही वापरलेलं रेकॉर्डिंग कोणीतरी काढलेलं असतं आणि त्याचा हक्क वेगळा, प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. त्यात तुमचं पेज धंद्याचं, तिथे गाण्यांची यादीही छोटी मिळते. त्यापेक्षा वाड्यावरची घुमट आरती स्वतः रेकॉर्ड करा ना हो! घुमट, शामेळ, कांसाळे ही त्यातली वाद्यं, आणि घुमट तर २०१९ पासून आपल्या गोव्याचं वारसा वाद्य आहे. वाजवणाऱ्यांना विचारून घ्या, आणि फोन घुमटाच्या तोंडाशी नको, चारपाच हात लांब ठेवा, नाहीतर नुसती फरफर येते.

प्रश्न: मी स्वयंपाकाचे व्हिडिओ करते. मुलाने ते ऑटो बीट की काय लावून दिलं, आता प्रत्येक ठोक्याला शॉट बदलतो. सगळं तालात आहे पण बघताना मलाच गरगरतं आणि इसवणाची (सुरमईची) चव येत नाही असं नणंद म्हणते.
- पेडण्याची एक गृहिणी

उत्तर: ताई, नणंदेला माझा नमस्कार सांगा. तीनतालात सोळा मात्रा असतात पण टाळ्या तीनच, पहिली, पाचवी, तेरावी, आणि नववी मात्रा 'खाली', म्हणजे रिकामी, तिथे हात नुसता उलटा करून सोडतात. सोळाही मात्रांना टाळी वाजवली तर तो ताल नाही, पोळ्या थापणं झालं. कार्टूनमध्ये पात्राच्या प्रत्येक पावलाला वाजवतात, त्याला त्या धंद्यात मिकी माउसिंगच म्हणतात, उंदराला ते शोभतं. तुमच्या व्हिडिओत कट टाळीवर ठेवा, तेही सगळ्या नको, आणि बाकी हालचाल मधल्या मात्रांत आपली आपण होऊ दे. रवा लावताना हात फिरतो तो शॉट पाचसहा सेकंद तसाच राहू दे, कापू नका.

आणि तुमची सम कुठली? इसवणाचा तुकडा तव्यावर पडतो ती. तिथे गाण्याचा ठोका घालूच नका. उलट पडायच्या अर्धा सेकंद आधी गाणं एकदम खाली न्या, जवळजवळ शांत, आणि तव्याचा तो चुर्रर्र पूर्ण आवाजात येऊ द्या, दीडदोन सेकंद, मग गाणं हळूच परत वर. एवढ्या एका जागेसाठी फोन तव्याच्या जवळ धरून आवाज वेगळा घेतलात तरी चालेल, फक्त पंखा बंद करा. तो चुर्रर्र चित्राच्या थोडा आधीच, तुम्ही अजून रवा लावताय त्या शॉटवर सुरू केला तरी छान लागतो, म्हणजे आधी कानाला कळतं आणि मग डोळ्याला दिसतं. मघाशी डिचोलीच्या पोराला मी आवाज आधी नको म्हटलं ते ठोक्याबद्दल, तव्याला ते लागू नाही कारण इथे दोन वेगळे शॉट आहेत.

शेवट तेवढा बघा. ताट दाखवता आणि गाणं ओळीच्या मधेच तुटतं, मी तुमचे दोन व्हिडिओ बघितले, दोन्हीत तसंच. गाण्याचा शेवटचा तुकडा कापून आणा, आधीच्या एखाद्या समेला जोडा, जोडावर छोटा क्रॉसफेड द्या, म्हणजे एक तुकडा विरताना दुसरा वर येऊ दे, आणि शेवटचा ठोका पडला की ताट अजून सेकंदभर दिसू दे.