वाचकांचे प्रश्न : परात, पातेले आणि मनाची घालमेल

चिकोडी तालुक्यातील एक वाचक भगिनी लिहितात : माझे सासरे सात महिन्यांपासून आजारी आहेत आणि महिन्यातून दोनदा त्यांना तपासणीसाठी मिरजेला न्यावे लागते. मुलगा पुण्यात नोकरीच्या शोधात आहे. सकाळ कामात जाते. परंतु दुपारी तीनच्या सुमारास घरातील सगळे निजले की छातीत धडधड सुरू होते. जाऊबाई म्हणतात, बेकिंग शिका, मन रमेल. घरी ओव्हन नाही आणि तो विकत घेण्याची ही वेळही नव्हे. याने खरोखरच मन शांत होते का? आणि ओव्हनशिवाय सुरुवात कशाने करावी?

उत्तर : आपल्या काळजीची कारणे खरी आहेत आणि ती नानकटाईने दूर होणार नाहीत, हे आधीच मान्य केलेले बरे. मात्र ज्या गोष्टींचा निकाल आपल्या हाती नाही अशा गोष्टींची वाट पाहण्यात ज्याचा दिवस जातो, त्याला तासाभरात पूर्ण होणारे आणि स्वतःच्या हाताने तडीस जाणारे एखादे काम मोठा आधार देते, हा माझा अनुभव आहे. म्हणूनच सुरुवात केकने करू नका, कारण केक फुगला की नाही ही आणखी एक काळजी मागे लागते. सुरुवात नानकटाईने करा. ती बिघडली तरी चहाबरोबर खाल्ली जाते.

ओव्हन नाही म्हणून अडू नका. भाजण्याची कला आपल्याकडे ओव्हनबरोबर आलेली नाही. बेळगावचे मांडे पालथ्या खापरावर भाजले जातात, आणि दिवाळीच्या आधी नानकटाईचे पत्रे घेऊन जवळच्या बेकरीत रांग लावणाऱ्या बायका मराठी मुलखातील अनेक गावांनी पाहिल्या आहेत. आपल्याला जाड बुडाचे, घट्ट झाकणाचे एक जुने ॲल्युमिनियमचे पातेले पुरेल. त्यात बोटभर जाडीचा मिठाचा किंवा स्वच्छ वाळूचा थर पसरा, वर एक कडे ठेवा आणि झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवा. पुष्कळजणी यासाठी प्रेशर कुकर वापरतात. वापरलाच तर रबरी रिंग आणि शिट्टी दोन्ही काढून ठेवावी आणि आत पाणी घालू नये. तरीही कोरडा तापवल्याने कुकर खराब होऊ शकतो, म्हणून माझे मत पातेल्याच्याच बाजूने आहे. नॉनस्टिकचे भांडे मात्र अजिबात नको, कारण ते रिकामे आणि फार तापले की त्याच्या लेपातून अपायकारक वाफा निघतात.

आता प्रमाण. शंभर ग्रॅम घट्ट तूप, शंभर ग्रॅम पिठीसाखर, सव्वाशे ग्रॅम मैदा, पन्नास ग्रॅम बेसन, पंचवीस ग्रॅम बारीक रवा, पाव चमचा खाण्याचा सोडा, चिमूटभर मीठ आणि चार-पाच वेलदोड्यांची पूड. आपल्या भागात पिकणारा खपली गहू घरात असेल, तर निम्म्या मैद्याऐवजी त्याचे बारीक दळलेले, चाळलेले पीठ घ्या. खपलीच्या कणकेला ताण कमी असतो. पावासाठी तो दोष ठरतो, पण खुसखुशीत नानकटाईला तोच उपयोगी पडतो.

तूप वितळवू नका. ते परातीत घेऊन पिठीसाखरेबरोबर तळहाताने एकाच दिशेने फेसत राहा, म्हणजे आठ-दहा मिनिटांत ते पांढरे आणि हलके होईल. आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर मला या आठ-दहा मिनिटांत दिसते. येथे घाई करता येत नाही, हात गुंतलेले असल्याने फोन उचलता येत नाही, आणि तळव्याखालची कचकच कमी होत जाताना लक्ष आपोआप तेथेच राहते. या वेळी श्वास जितका वेळ आत घेता त्यापेक्षा जास्त वेळ घेऊन सावकाश सोडत राहा. लांब उच्छ्वासाने नाडी थोडी मंदावते, आणि दुपारच्या धडधडीत तेवढीही सवड पुष्कळ असते.

मग पिठे, सोडा, मीठ आणि वेलदोडा एकत्र चाळून घाला आणि मिश्रण गोळा होईल इतकेच हाताने जुळवा. ते मळू नये. तुपाने पिठाचे कण वेढलेले असले की चिवटपणा येत नाही. मळले की येतो. वीसेक लहान गोळे होतील. तूप लावलेल्या ताटलीत एका वेळी सहा-सात गोळे अंतर सोडून ठेवा, कड्यावर ताटली ठेवून झाकण लावा आणि मंद आचेवर वीस ते पंचवीस मिनिटे भाजा. वर भेगा पडल्या आणि कडा फिकट बदामी झाल्या की काढा. त्या वेळी नानकटाई मऊच लागेल. ती कच्ची समजून पुन्हा आत ठेवण्याची चूक जवळपास प्रत्येकीकडून होते. निवल्यावर ती आपोआप घट्ट होते. सासऱ्यांना मधुमेह असेल, तर त्यांच्या पुढ्यात डबा ठेवण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो. धडधडीसाठी आधी एकदा डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या. कुटुंबातील सगळ्यांसाठी मिरजेच्या खेपा करणारी बाई स्वतःसाठी एकही खेप करत नाही, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. झोप सतत उडत असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही, कोणतेही शुल्क न देता बोलता येते. ही सेवा ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली.

खानापूरहून एक निवृत्त शिक्षक विचारतात : पत्नीच्या निधनानंतर घर फार शांत झाले आहे. ती घरी पाव करीत असे, म्हणून मीही प्रयत्न करतो आहे. मैद्यात यीस्ट घालून चांगल्या कढत पाण्यात मळतो, तासभर ठेवतो. पाव विटेसारखा होतो. चूक कोठे होते?

उत्तर : गुरुजी, विटा-कौलांच्या खानापुरात पावाची वीट व्हावी हा योगायोग आहे, पण दोष गावाचा नाही, कढत पाण्याचा आहे. यीस्ट हा जिवंत जीव आहे आणि साधारण 55 ते 60 अंश सेल्सिअसच्या पुढे तो मरतो. पाणी मनगटाच्या आतील बाजूस जेमतेम कोमट लागेल एवढेच असावे. त्यात चमचाभर साखर आणि यीस्ट घालून दहा मिनिटे थांबा. फेस आला नाही तर पुढे जाऊ नका, यीस्ट जुने झाले आहे.

दुसरी चूक घड्याळाची. खानापूरच्या पावसाळी गारव्यात तासभर पुरत नाही, दोन-अडीच तासही लागतात. अडीचशे ग्रॅम मैद्याला दीडशे मिलिलिटर पाणी, चार ग्रॅम कोरडे यीस्ट, पाच ग्रॅम मीठ आणि चमचाभर तेल असे प्रमाण ठेवा. दमट दिवसांत मैद्यानेच ओलावा धरलेला असतो, म्हणून शेवटचे दोन चमचे पाणी गरज भासली तरच घाला. दहा मिनिटे मळून गोळा झाकून ठेवा. तो दुप्पट झाला की हलके दाबून आकार द्या आणि पुन्हा फुगू द्या. बोटाने दाबल्यावर खळगा सावकाश आणि अर्धवटच भरून आला, म्हणजे भाजायची वेळ झाली.

त्या दोन-अडीच तासांविषयीही लिहायला हवे, कारण रिकाम्या घरात तेच जड जात असतील. बाहेर जाऊन या. पीठ आपल्यावाचून फुगते. आणि एक पाव शेजारच्या घरी द्या. एकट्या माणसाने केलेला पाव दुसऱ्या दिवशी शिळा होतो, हे त्याला उत्तम निमित्त आहे.

बेळगावच्या टिळकवाडीतून एक तरुणी लिहिते : सगळे म्हणतात बेकिंगने ताण हलका होतो. मी घरून काम करते, रात्री केक करते, त्याची छायाचित्रे पाठवते, आणि तो खाली बसला की रडू येते. माझेच काही चुकते आहे का?

उत्तर : केकचे कारण किरकोळ असावे : तो शिजत असताना झाकण उघडले गेले असेल किंवा सोडा प्रमाणाबाहेर पडला असेल. परंतु दिवसभर कामाचे मोजमाप देऊन रात्री पुन्हा स्वतःलाच परीक्षेला बसवणे, याला विसावा म्हणता येणार नाही. महिनाभर केक करू नका आणि छायाचित्रेही काढू नका. हात चालवावेसे वाटले तर मंद आचेवर बेसन भाजा. अर्धा तास ढवळत राहावे लागते, खमंग वास सुटला की काम झाले, आणि त्याचे लाडू वळले नाहीत तरी चमच्याने खाता येतात. केकचा साचा तोवर माळ्यावर ठेवा.