क्रूझवर बाल्कनी केबिन घेताना सगळ्यात वरचा डेक घ्यावा का?

तुम्ही विचारलंय की पहिलीच क्रूझ आहे, सात रात्रींची, बाल्कनी घ्यायचं पक्कं झालंय, एजंट म्हणतोय थोडे जास्त भरा आणि वरच्या डेकवरची अगदी पुढची घ्या, व्ह्यू भारी आहे, तर घ्यावी का, डावी बाजू बरी की उजवी, आणि मिस्टरांना बाल्कनीत सिगारेट ओढता येईल का.

वरची पुढची घेऊ नका. झालं उत्तर. आता का ते सांगते, आणि थोडं लांबेल, कारण हा विषय निघाला की माझं डोकं सटकतं.

आमच्या घरात मला गेली सहा वर्षं एक वाक्य चिकटलंय, "वहिनींना बोट लागते." तलावात पायाने मारायची ती छोटी बोट असते ना, तिच्यात बसायचं ठरलं तरी भाऊजी आधीच सगळ्यांना सांगून मोकळे, वहिनींना नको, त्यांना लागते. मला बोट लागत नाही. मला बाराव्या डेकवरची केबिन लागली होती.

झालं असं की इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनहून नॉर्वेच्या फियॉर्डची (डोंगरांमध्ये आत घुसलेल्या समुद्राच्या अरुंद खाड्या) क्रूझ होती, आम्ही दोघं आणि दीर-जाऊ. बुकिंग भाऊजींनी अंगावर घेतलं. मी चार ठिकाणी वाचून सांगितलं होतं की आठवा डेक, मधोमध, बास. तर म्हणे अहो वहिनी, मधला मजला कोणी घेतं का, वरचा म्हणजे पेंटहाऊस. त्यांच्या डोक्यात बोट म्हणजे सोसायटीची बिल्डिंग. आम्हाला कौतुकाने बाराव्या डेकवर एकदम पुढची केबिन घेतली (कौतुकाने घेतली हे मी आजही मान्य करते), आणि स्वतःला 'गॅरंटी' घेतली, म्हणजे बाल्कनी नक्की पण नंबर कंपनी देईल तो. त्यांना नंबर आला आठव्या डेकचा, बरोब्बर मधला. खाली लाइफबोटी टांगलेल्या, वाकून बघितलं की त्यांची केशरी छपरं दिसतात, त्यावरून भाऊजी दोन दिवस कुरकुरत होते.

पहिल्याच रात्री नॉर्थ सीमध्ये वारा सुटला. पुढचं टोक वर जायचं, वर गेल्यावर क्षणभर तिथेच थांबायचं आणि मग धाडकन खाली, आणि पोट मात्र अजून वरच. कपाटातले हँगर रात्रभर खणखणत होते, टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवायची सोय नाही. बाल्कनीचं दार उघडून जरा हवा घ्यावी म्हटलं तर दारच उघडेना इतका वारा. पहाटे कुठे डोळा लागतोय तर डोक्यावर खर्रर्र, खर्रर्र. आमच्या वर थेट पूलचा डेक होता, साडेपाचला पोरं येऊन आरामखुर्च्या ओढून रांगेत लावतात. हे कुठल्याच एजंटने सांगितलं नव्हतं.

सहाच्या सुमारास मी भिंत धरत धरत जाऊच्या केबिनमध्ये गेले, उलटीची गोळी मागायला. तिने गोळी दिली, मी ती हातात घेऊन म्हटलं पाच मिनिटं बसते, आणि सोफ्यावर जी झोपले ती थेट दहाला उठले. उठले तेव्हा समोर टेबलावर तिचा पाण्याचा ग्लास तसाच, भरलेला, जागेवर. बोट तीच, समुद्र तोच, वेळ पण तीच. गोळी मी घेतलीच नव्हती, माझ्या मुठीत चिकटली होती, ती भाऊजींना दाखवली पण. तरी म्हणतात तुम्हाला गोळीने झोप लागली. आता काय बोलणार.

याच्यात जादू काही नाही. पुढचं-मागचं टोक वर-खाली होतं तेव्हा बोट सीसॉसारखी असते, मधे बसलेला जेमतेम हलतो, टोकाचा आपटतो. डावी-उजवीकडे डोलते तेव्हा जितके वर तितका झोका मोठा. बोटीच्या पोटाला बाहेर पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, ते हे डोलणं बऱ्यापैकी कमी करतात, पण टोकाच्या आपटण्याला त्यांचा काही उपयोग नाही. म्हणजे वरची आणि पुढची केबिन घेतली की दोन्हीकडून मार, आणि त्याचे जास्त पैसे आपणच द्यायचे. वाऱ्याचं पण तेच, बोट २० नॉट्सने चालली तर हवा पडलेली असताना सुद्धा ताशी ३७ किलोमीटरचा वारा तोंडावर येतो, पुढच्या बाल्कनीला तो सगळ्यात जास्त. काही बोटींवर अगदी समोर तोंड असलेल्या केबिनना रात्री पडदे लावायला सांगतात, ब्रिजवरच्या, म्हणजे बोट चालवणाऱ्या लोकांना उजेडाचा त्रास नको म्हणून. घ्या व्ह्यू.

म्हणून डेक प्लॅन, म्हणजे बोटीच्या मजल्यांचा नकाशा, उघडा आणि आपला नंबर बघायच्या आधी त्याच्या वर काय आहे आणि खाली काय आहे ते बघा. वर केबिन, खाली केबिन, मग डोळे मिटून घ्या. वर पूल, बुफे, जिम असेल तर नको, खाली थिएटर किंवा बार असेल तर नको. प्लॅनवर जिथे नुसता कोरा भाग आहे, काहीच लिहिलेलं नाही, तिथे बहुतेक किचन किंवा स्टाफची जागा असते, ते तर अजिबात नको. शेजारच्या केबिनमध्ये उघडणारं दार असेल तर शेजाऱ्याची खोकल्याची उबळ सुद्धा ऐकू येते. लाइफबोट बाल्कनीच्या खाली असेल तर बिनधास्त घ्या, क्षितिज पूर्ण दिसतं, समोर टांगलेली असेल तर सोडा. आणि बाल्कनीचा कठडा काचेचा आहे का ते विचारा, काहींना खाली पत्रा असतो, खुर्चीत बसलं की दिसतो फक्त पत्रा. अगदी मागच्या बाल्कनीचं लोक फार कौतुक करतात, पाण्याची पांढरी वाट छान दिसते खरी, पण तिथे प्रोपेलरची थरथर असते आणि वरच्या डेकवरचे लोक थेट तुमच्या ताटात बघतात.

सिगारेटचं, बहुतेक कंपन्यांनी बाल्कनीत बंद केलंय, ओढायच्या ठरावीक जागा असतात. हा काही उगाच फाजील नियम नाही. मार्च २००६ मध्ये स्टार प्रिन्सेस बोटीला जमैकाजवळ आग लागली, ती बाल्कनीतच सुरू झाली, न विझवलेल्या सिगारेटचा संशय होता, आणि बाल्कन्यांमधली पार्टिशन प्लास्टिकची असल्याने ती भराभर पसरली. एक प्रवासी गेला. त्यानंतर बाल्कन्यांच्या सामानाचे आणि फायर अलार्मचे आंतरराष्ट्रीय नियमच बदलले. मिस्टरांना सांगा, थोटूक वाऱ्याने उडून खालच्या बाल्कनीत जाऊन पडतं.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर त्याच केबिनमध्ये, त्याच रात्री, माझा नवरा ढाराढूर झोपला होता. भाऊजींचं सगळं वकीलपत्र याच एका गोष्टीवर उभं आहे, "दादाला कशी नाही लागली?" दादाला काहीच लागत नाही, भूक सोडून. आणि परतीच्या शेवटच्या रात्री आम्ही केबिनची अदलाबदल केली, तर समुद्र परातीतल्या पाण्यासारखा शांत, भाऊजी सकाळी ताजेतवाने, म्हणे बघा, आम्हाला काही झालं? ही काय परीक्षा झाली का? शांत हवेत बाराव्या डेकला मलाही काही झालं नसतं. तेव्हा तुमचा सीझन शांत असेल आणि तुम्ही दोघं माझ्या नवऱ्यासारखे दगड असाल तर वरची घेतली तरी चालेल, मी काही शपथ घालत नाही. गॅरंटीचं पण, जाऊला चांगला नंबर आला म्हणून तुम्हाला येईल असं नाही, पहिल्याच वेळी तो जुगार नको.

हां, डावी-उजवी राहिलीच. जाऊन-येऊन त्याच बंदरात परत येणार असाल तर एवढा विचार करू नका. गायरांगर फियॉर्डमध्ये आत जाताना सेव्हन सिस्टर्स धबधबा डाव्या हाताला होता, बाहेर येताना उजव्या, दोन्हीकडच्यांना दिसला, आणि तसंही तेव्हा सगळी बोट वर मोकळ्या डेकवर जमली होती. एकाच दिशेने जाणारी असेल तर नकाशात किनारा कुठल्या हाताला येतो ते बघा, म्हणजे नॉर्वेत उत्तरेकडे जाताना उजवीकडे.

बोटीचं नाव आणि केबिन नंबर खाली कमेंटमध्ये टाका, वर काय आहे ते मी प्लॅन बघून सांगते.