कंपनीच्या नेटवर्कसाठी स्वतःचे आयपी पत्ते कुठून घ्यायचे? दोन वेगवेगळ्या आयएसपींच्या (इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांच्या) लाइन्स आहेत.

भारतात थेट 'इरिन'कडे अर्ज करा. इरिन म्हणजे निक्सीच्या (भारताच्या राष्ट्रीय इंटरनेट एक्स्चेंजच्या) अखत्यारीतली, एपनिकच्या (आशिया-पॅसिफिकमध्ये आयपी पत्ते वाटणाऱ्या संस्थेच्या) हाताखाली काम करणारी आपली राष्ट्रीय नोंदणी संस्था. दोन लाइन्स असणं इथे तुमच्या पथ्यावरच पडतं, कारण पत्ते स्वतःचे असले की आयएसपी बदलला तरी फायरवॉल, व्हीपीएन आणि डीएनएसमधले आकडे बदलत बसावे लागत नाहीत. पत्त्यांसोबत एएस नंबर, म्हणजे इंटरनेटवर तुमच्या नेटवर्कची ओळख सांगणारा क्रमांकही मागा. त्याशिवाय दोन्हीकडे बीजीपी (नेटवर्क्स एकमेकांना मार्ग कळवतात ती पद्धत) नीट चालवता येणार नाही.

आयपीव्ही४, म्हणजे जुन्या पद्धतीचे पत्ते, मात्र हात आखडूनच मिळतात. आयानाचा (जगभरातल्या पत्त्यांचं वाटप पाहणाऱ्या संस्थेचा) साठा फेब्रुवारी २०११ मध्येच संपला आणि २०१९ पासून एपनिकच्या क्षेत्रात नव्या सभासदाला जास्तीत जास्त /२३, म्हणजे ५१२ पत्ते मिळतात. तुम्हाला बहुधा /२४ (२५६ पत्ते) पुरेल. त्याहून लहान तुकडा घेऊन उपयोग नाही, बहुतेक नेटवर्क्स तो रूट स्वीकारतच नाहीत. आयपीव्ही६ चा, म्हणजे नव्या पद्धतीच्या पत्त्यांचा /४८ गट त्याच अर्जात मागून टाका. त्याचा तुटवडा नाही, आणि नंतर पुन्हा कागदपत्रांच्या मागे धावण्यापेक्षा ते बरं.

अर्जात लागणाऱ्या मुख्य गोष्टी:
- कंपनीची नोंदणी कागदपत्रं
- नेटवर्कचा आराखडा, पत्ते कुठे वापरणार याच्या हिशेबासह
- दोन्ही आयएसपींच्या जोडणीचा पुरावा

शुल्क दरवर्षी भरावं लागतं, त्यामुळे बाहेरून दिसणारे सर्व्हर दोन-चारच असतील तर या भानगडीत पडू नका. आयएसपीकडून स्टॅटिक पत्ते घ्या आणि आत १०.०.०.० या खासगी मालिकेवर नॅट (आतले अनेक पत्ते बाहेरच्या मोजक्या पत्त्यांमागे ठेवण्याची पद्धत) चालवा.