श्वास घेताना नाडी का पळते?

प्रश्न : माझे वय २४ आहे. रात्री अंथरुणावर पडून मनगटावर बोटे ठेवली असता श्वास आत घेताना ठोके भरभर पडतात आणि सोडताना रेंगाळतात, असे माझ्या लक्षात आले. आईचे वय ६८ आहे. तिची नाडी मात्र एकसारखी चालते. माझ्या हृदयात काही दोष आहे का? जिना चढताना श्वास आणि ठोके दोन्ही एकदमच वाढतात, त्याचा याच्याशी संबंध आहे का? – एक वाचक

उत्तर : तुम्ही वर्णन केलेला प्रकार तरुण, निरोगी माणसांत नेहमी आढळतो, तेव्हा आधी मनातली धास्ती काढून टाका. वैद्यकात त्याला ‘रेस्पिरेटरी सायनस अ‍ॅरिथमिया’ म्हणतात. ईसीजीच्या अहवालात ‘अ‍ॅरिथमिया’ हा हृदयाच्या लयीतील बिघाड सुचवणारा शब्द वाचून अनेक जण हबकतात. या निरुपद्रवी गोष्टीला इतके भीतिदायक नाव नको होते, असे मला मनापासून वाटते. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ कार्ल लुडविग यांनी १८४७ मध्ये, फिरत्या नळकांड्यावर रेघ उमटवणाऱ्या यंत्राच्या साहाय्याने, कुत्र्यामध्ये याची नोंद केली होती.

हृदयाला स्वतःची लय असते. हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यातील (कर्णिकेतील) सायनस गाठीवर, म्हणजे ठोके सुरू करणाऱ्या पेशींच्या पुंजक्यावर, कोणाचेच नियंत्रण नसेल, तर ती मिनिटाला शंभरच्या आसपास ठोके देईल. विश्रांतीत ते सत्तरपर्यंत उतरतात, ते मेंदूचे आदेश हृदयाकडे नेणाऱ्या व्हेगस या मज्जातंतूने (नसेने) लगाम धरून ठेवल्यामुळे. या नसेचे हृदयाकडे जाणारे तंतू मेंदूच्या तळाशी, मस्तिष्कपुच्छात सुरू होतात, आणि श्वासाची लय ठरवणाऱ्या पेशीही तिथेच शेजारी असतात. श्वास घेण्याचा आदेश सुटतो त्या क्षणी या पेशी व्हेगसला थोपवतात, लगाम सैल पडतो आणि नाडी पळू लागते. उच्छ्वासात तो पुन्हा आवळला जातो. श्वासागणिक छातीतील दाब आणि हृदयाकडे परतणारे रक्त बदलते, त्याचाही यात हातभार असतो. पाच सेकंद श्वास आत आणि पाच सेकंद बाहेर, असे एक-दोन मिनिटे करून पाहा. मिनिटाला सहा श्वासांच्या आसपास हा फरक सहसा सर्वांत ठळक होतो, कारण रक्तदाब सावरणाऱ्या यंत्रणेची लहरही साधारण दहा सेकंदांचीच असते आणि दोन्ही लाटा एकमेकींवर चढतात.

जिन्यावर घडते ते थोडे वेगळे. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढण्याची वाट न पाहता पहिल्या काही पायऱ्यांतच दोन्ही वेग वाढतात, कारण पायांना हालचालीचा आदेश देतानाच मेंदू हृदयाला आणि श्वसनकेंद्राला सावध करतो, आणि स्नायू व सांधे यांच्याकडून येणारे संदेश त्यात भर घालतात. विश्रांतीत साधारण चार-पाच ठोक्यांमागे एक श्वास पडतो. पण श्वास आणि ठोके यांची ही सांगड पक्की नव्हे. श्वास रोखून चेहरा थंड पाण्यात बुडवला, की श्वास थांबलेला असूनही ठोके मंदावतात. (हृदयविकार असणाऱ्यांनी हा प्रयोग करू नये.)

तुमच्या नाडीची अनियमितता श्वासाशी जुळत नसेल, मध्येच ठोका चुकत असेल, किंवा सोबत चक्कर, छातीत दुखणे, धाप लागणे असा त्रास होत असेल, तर मात्र ईसीजी काढून घ्या.

आता आईंविषयी. वाढत्या वयाबरोबर हा चढउतार कमी होत जातो, त्यामुळे ६८व्या वर्षी तो बोटांना न जाणवणे स्वाभाविक आहे. त्यांना बरीच वर्षे मधुमेह असेल, तर ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घाला, कारण साखर दीर्घकाळ वाढलेली राहिल्यास व्हेगसचे तंतू दुबळे होऊ शकतात. अशा वेळी ईसीजी चालू ठेवून रुग्णाला मिनिटाला सहा या गतीने खोल श्वास घ्यायला लावतात, आणि श्वास घेताना व सोडताना पडणाऱ्या ठोक्यांतला फरक वय लक्षात घेऊन मोजतात.