नवीन फायनान्शियल ॲडव्हायझर आहेस तर क्लायंटचा विश्वास कसा मिळवायचा

सुरुवात करतोयस तर एक सांगतो, पहिल्या मीटिंगला कुठल्याच प्रॉडक्टचं नाव काढू नकोस. समोरच्याला बोलू दे, घरात कमावणारे किती, कर्ज किती, आणि मागे मार्केट पडलं तेव्हा त्याने काय केलं होतं, हे शेवटचं नक्की विचार कारण फॉर्मवर सगळेच रिस्क घेतो म्हणतात पण पैसे निम्मे झाले की झोप उडते, आणि ५० टक्के पडलेली रक्कम मूळ जागी यायला १०० टक्के वाढ लागते हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, ते तू आधीच सांग.

दुसरं म्हणजे तुझी फी. कमिशन मिळत असेल तर त्याने विचारायच्या आधी सांग, आकड्यात सांग. खर्चाचा परिणामही कागदावर काढून दाखव, वर्षाला ८ टक्क्यांनी ३० वर्षांत पैसे साधारण १० पट होतात पण त्यातला १ टक्का खर्चात गेला तर साडेसात पटच. मला हे सांगायला आधी भीती वाटायची, वाटायचं माणूस निघून जाईल. एक क्लायंट गेला खरंच, पण मी सांगितलं नाही म्हणून गेला, त्याला ते दुसऱ्याकडून कळलं. अजून वाईट वाटतं.

मीटिंग झाली की त्याच दिवशी काय ठरलं ते चार ओळीत मेल कर. एखादी गोष्ट माहीत नसेल तर बघून सांगतो म्हण आणि खरंच सांग. सर्टिफिकेट वगैरे हवंच. आणि मार्केट पडलं की त्याचा फोन यायची वाट बघू नकोस, तू कर.