आधी बघा, पेपरला बसलं कोण होतं

तुम्ही विचारलंय की पिसाच्या (पंधरा वर्षांच्या मुलांची देशोदेशी होणारी चाचणी) २००९ च्या फेरीत शांघाय पहिलं आलं, आपले तामिळनाडू आणि हिमाचल ७४ देश-प्रदेशांत ७२वे-७३वे. मग चीनची शिक्षणपद्धती आपल्यापेक्षा सरस हे आकड्यांनी सिद्ध झालं की नाही?

आपण मागे होतो, त्यात वाद नको. गणितात तामिळनाडूला ३५१, हिमाचलला ३३८. विकसित देशांची सरासरी ५०० च्या आसपास आणि प्रमाण विचलन, म्हणजे मुलांचे गुण सरासरीच्या आजूबाजूला किती पसरलेत त्याचं माप, साधारण १००. दीड विचलनाची दरी नमुन्याच्या चुकीनं पडत नाही. प्रश्न आपल्या मुलांच्या संदर्भातले नव्हते असं म्हणत भारतानं पुढच्या फेरीतून अंग काढून घेतलं, ते मला तेव्हाही पटलं नव्हतं.

पण शांघाय म्हणजे चीन नव्हे. २०१५ ला चीनच्या नावावर बीजिंग, शांघाय, जिआंगसू आणि ग्वांगडोंग होते. गणितात ५३१ गुण. २०१८ ला ग्वांगडोंग जाऊन झेजियांग आला आणि गुण झाले ५९१. तीन वर्षांत ६० गुण! यात सुधारणा किती आणि प्रांत बदलल्याचा परिणाम किती, हे नुसत्या सरासरीतून वेगळं काढताच येत नाही.

खरी गोम छेदात असते, म्हणजे सरासरी काढताना कोणाला मोजलं यात. २०१२ ला गणितात व्हिएतनाम ५११, अमेरिका ४८१. पिसा शाळेत असलेल्या, सातवी किंवा त्यापुढच्या पंधरा वर्षांच्या मुलांचीच परीक्षा घेते. व्हिएतनाममध्ये त्या वयाची जेमतेम ५६ टक्के मुलं या कक्षेत येत होती, अमेरिकेत ८९ टक्के. आता कागद घ्या. बाहेर राहिलेल्या मुलांना सरसकट ४०० गुण मिळाले असते असं धरा (४०० हा माझा निव्वळ अंदाज, हवा तर बदलून बघा). व्हिएतनाम येतं ४६२ वर, अमेरिका ४७२ वर. क्रम उलटला. व्हिएतनामचे शिक्षक त्यामुळे वाईट ठरत नाहीत, पण बातमीचा मथळा ठरतो.

आपल्याकडेही तेच. राज्याराज्यांची तुलना करताना 'असर' (प्रथम संस्थेची शिक्षण-पाहणी) आणि 'नॅस' (सरकारची राष्ट्रीय संपादणूक चाचणी) एकाच तक्त्यात घालू नका. नॅस ही शाळेत हजर मुलांची परीक्षा. असर ग्रामीण घरांत जाऊन एकेका मुलाची, तोंडी. म्हणजे तिथे शाळा सोडलेलंही मूल सापडतं.

मी असरसाठी स्वयंसेवक म्हणून गावात गेलोय. गावाचे चार भाग करायचे आणि दर पाचवं घर घ्यायचं. एका घरी आजी म्हणाली, "पोरगं शेरडं घेऊन गेलंय, लिहा की येतंय वाचता." असं लिहायची सोय नव्हती. संध्याकाळी परत गेलो. नाव पाचवीच्या पटावर, पण पोळ्यापासून शाळेत पाऊल नाही. पहिलीच्या उताऱ्याला अडखळला. मग कुठलेही पाच शब्द वाचायला सांगितले, चार बरोबर आले. पुन्हा उतारा दिला, पुन्हा तिथेच गाडी थांबली. 'शब्द' या रकान्यात खूण केली. त्याच्या वर्गात पेपर घेतला असता तर त्याच्या नावापुढे नुसतं 'गैरहजर' लागलं असतं.