उत्तर: पुण्याजवळ चिलापी सोडून दुसरं काही लागतच नाही

तुमच्या पोस्टमधलं "सात रविवार झाले, सातही वेळा चिलापीच" हे वाचून आधी हसू आलं, मग जरा वाईटही वाटलं. 2014 च्या उन्हाळ्यात मी नेमका इथेच अडकलो होतो. तुम्ही देवगडच्या खाडीवर गरवत, म्हणजे गळाने मासे धरत, मोठे झालात, नोकरीसाठी वाकडला आलात, वर्षभरात गोड्या पाण्यातले दहा जातींचे मासे गळाला लावायचे ठरवलेत. आणि आता "कुठल्या तलावात कोणता मासा" अशी यादी मागणारा मेल एका सरकारी कार्यालयाला पाठवून दीड महिना उत्तराची वाट बघताय. ते दीड महिना वाचलं आणि लिहायला बसलो.

रॉड, रील, गाठी, शिसं यावर काही लिहीत नाही. खाडीवरच्या माणसाला ते काय सांगायचं. फक्त तंगूस (गळाची नायलॉन दोरी) जरा बारीक घ्या, इथे खाडीसारखी ओढ नाही.

आधी ती यादी विसरा. मीही अशीच यादी मागायला गेलो होतो. कार्यालयाचं नाव घेत नाही. पहिल्या टेबलावर सांगितलं, यादी दुसऱ्या खात्याकडे मिळेल. दुसऱ्या खात्यात साहेब दौऱ्यावर. तिसऱ्या फेरीला एका क्लार्कने विचारलं, "यादी कशाला? तुम्हाला परवानगी पाहिजे ना, अर्ज करा." मी अर्ज केला. पुरंदर तालुक्यातला एक पाझर तलाव, नाव मुद्दाम देत नाही, तिथे हौस म्हणून गळाने मासेमारी करण्यास परवानगी मिळावी. आवक क्रमांक घेतला, पोच घेतली. अकरा आठवडे गेले. त्यात मे संपला, जून संपला, म्हणजे अख्खा हंगाम घरी बसून काढला, कारण मी कायद्याने वागणारा माणूस ना!

मग पत्र आलं. गोल शिक्का, सही, जावक क्रमांक. "या कार्यालयाची हरकत नाही" एवढं वाचलं आणि उड्या मारल्या. पत्राला प्लॅस्टिकचं कव्हर घातलं. पाऊस ओसरल्यावर मुलाला घेऊन पहाटे निघालो. तो तेव्हा नऊ वर्षांचा होता. साडेसातच्या सुमाराला कटला लागला, अडीच किलोच्या वर असेल. तो पिशवीत टाकतोय तोवर बांधावरून तिघं आले. सगळ्यात पुढे डोक्याला मफलर बांधलेला तलावाचा राखणदार. मी पत्र पुढे केलं. त्याने ते उलटंसुलटं बघितलं आणि म्हणाला, "हे पाण्याचं आहे. मासा आमचा आहे."

वाद झाला. आवाज मीच आधी चढवला, हे कबूल करतो. शेवटी दोन्ही रॉड, एक नवीन रील आणि मासा त्यांनी ठेवून घेतला. सगळं मिळून आठ हजारांचं सामान होतं. पैशांपेक्षा गाडीत बसल्यावर मुलाने विचारलं ते जास्त लागलं: "बाबा, आपण चोरी केली का?"

घरी येऊन पत्र पुन्हा वाचलं. मुद्दा क्रमांक 3: सदर तलावातील मासेमारीचे हक्क ठेक्याने दिले असल्यास संबंधित संस्थेची परवानगी अर्जदाराने स्वतः घ्यावी. म्हणजे उत्तर कागदावरच होतं. पहिली ओळ वाचून नाचणारा गाढव मी. पण मी विचारतो, हे पहिल्याच दिवशी त्या टेबलावर तोंडी सांगायला किती मिनिटं लागली असती? "अहो, तलाव मच्छीमार सोसायटीकडे आहे, त्यांच्या सेक्रेटरीला भेटा." एवढंच वाक्य. सेक्रेटरी त्याच गावच्या एसटी थांब्यासमोरच्या टपरीवर रोज सकाळी बसायचा, हे नंतर कळलं. त्याच्यासोबत दोन चहा झाले आणि एक रॉड परत मिळाला. रील नाही मिळाली. ती अजून कुणाच्या तरी घरी आहे आणि ती कुणाकडे आहे हे मला माहीत आहे. असो.

तर तुमच्या सात चिलाप्यांचं उत्तर इथेच आहे. कटला, रोहू, मृगळ हे साठलेल्या तलावात स्वतःहून वाढत नाहीत. त्यांना अंडी घालायला पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून दरवर्षी मत्स्यबीज, बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) विकत आणून सोडावी लागते. हा पैसा सोसायटीचा किंवा ठेकेदाराचा असतो, म्हणून ते मासा आपला म्हणतात. खरंच त्यांचाच आहे तो. चिलापीचं उलट. ती तिथल्या तिथे, वर्षातून अनेकदा पिल्लं घालते, पिल्लं तोंडात धरून सांभाळते, काठाला राहते आणि समोर येईल ते खाते. जिथे कुणी राखत नाही, कुणी विचारत नाही, अशा पाण्यावर तुम्ही जाताय (मीही जायचो), बारीक गळाला गांडूळ लावून काठापासून दहा फुटांवर टाकताय. तिथे दुसरं काय लागणार?

म्हणून नवीन पाणी दिसलं की पाणी कोणाचं हे विचारण्याआधी मासा कोणाचा हे विचारा. पाणी जलसंपदा खात्याचं, जिल्हा परिषदेचं नाहीतर ग्रामपंचायतीचं असेल, त्याने आपल्याला फारसा फरक पडत नाही. मासेमारीचा ठेका कुणाकडे आहे ते बघायचं. ते कळायला कार्यालयात जाऊ नका, काठावर होडी कुठे बांधलेली आहे ते बघा आणि तिथे सकाळी सहाला जाऊन उभे राहा. काही सोसायट्या दिवसाची पावती फाडतात, काही चहापाण्यावर बसू देतात, काही सरळ नाही म्हणतात. नाही म्हटलं तर निघा. (हा माझा अनुभव, कायदेशीर सल्ला नव्हे. नियम आणि ठेके बदलत राहतात.)

होडीपाशी उभं राहण्याचा खरा फायदा वेगळाच आहे. तुम्हाला हवी ती यादी तिथे क्रेटमध्ये पडलेली असते. भिगवणच्या मासळी बाजारात एक सकाळ घालवा. उजनीचा बराच माल तिथे उतरतो. चिलापीचे ढीग असतीलच, पण शेजारी कटला, रोहू, सायप्रिनस, मरळ, शिंगटा, वाम. क्रेटपाशी बसून विचारा, हा कुठल्या बाजूला लागला, जाळं किती खोल होतं. कोळी माणूस गळवाल्याला स्पर्धक समजत नाही, फार तर थोडा वेडा समजतो, आणि वेड्याला खरं सांगतो. नावांवर मात्र वाद घालू नका. एकाच माशाला भोरमध्ये एक, इंदापुरात दुसरं आणि तुमच्या देवगडात तिसरं नाव असतं. फोटो काढा, घरी येऊन जात ठरवा.

दहा जाती हव्यात तर लांब जाऊ नका, पाण्याचा प्रकार बदला. ही चूक मी दोन वर्षं केली. खडकवासला सोडून वीर, वीर सोडून चासकमान, असं एका धरणावरून दुसऱ्या धरणावर पेट्रोल जाळलं. सगळीकडे तोच फुगवटा (धरणामागे तुंबलेलं पाणी) आणि तेच चार मासे.

फुगवट्याला जायचंच असेल तर एक युक्ती. गुगल अर्थमध्ये जुनी चित्रं दिसतात. त्यात मे महिन्यातलं, पाणी तळाला गेलेलं चित्र काढा. उजनीसाठी तर हे सोनं आहे, कारण ते धरण उन्हाळ्यात बहुतेक वेळा 'उणे' जातं, म्हणजे वापरायचा साठा संपून पाणी मृतसाठ्यात उतरतं. मृतसाठाच 63 टीएमसीच्या घरात आहे, म्हणून निदान उणे तरी जाता येतं. त्या चित्रात बुडालेला ओढा, जुनी विहीर, बांध, रस्ता सगळं उघडं दिसतं. पाणी भरल्यावर त्याच जागी गळ टाका. मासा सपाट चिखलावर थांबत नाही, कडेला थांबतो. कटला वरच्या थरात, रोहू मधे, मृगळ तळाशी खातो. दोरीवरचा तरंगा तीन हात वर-खाली केला की त्याच जागेवर मासा बदलतो. आमिषाला शेंगदाण्याची पेंड आणि कणीक, थोडा लसूण. हिंगाची भक्ती करणारे बरेच आहेत, मला फरक दिसला नाही.

कोल्हापूर पद्धतीचा बंधारा ही माझी सगळ्यात आवडती जागा. भीमा, नीरा, कऱ्हा, कुठेही. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) घालतात आणि वर पाणी साठतं. वरच्या अंगाला वाढलेल्या गवतात मरळ. खाली दगडांत वाम आणि शिंगटा. मरळीला रबरी बेडूक द्या आणि तिने पाणी उडवलं की लगेच हिसका मारू नका. एक-दोन आकडे मोजा, गिळू द्या. माझ्या पहिल्या चार मरळी याच घाईत गेल्या. वाम अंधार पडल्यावर, तळाला ठेवलेल्या गांडुळावर. हाताला गुंडाळते, चिंधी जवळ ठेवा. एका बंधाऱ्यावर ऑक्टोबर ते जानेवारी मी सहा जाती मोजल्यात.

मुळशी, भोर, वेल्ह्याकडचे ओढे वेगळंच जग. मासा बोटाएवढा. मळ्या, मुऱ्या, खवली, दगडाखालची गावठी छोटी मरळ. अगदी बारीक गळ, त्याचा उलटा काटा चिमट्याने चेपलेला, बोटभर गांडूळ नको, त्याचा तुकडा. यातले काही मासे सह्याद्रीबाहेर कुठेच नाहीत. हात ओला करून धरा, फोटो काढा, सोडा. तुमची दहाची यादी इथे सगळ्यात लवकर भरेल, पण फोटोत 'मोठा मासा' नसल्यामुळे इथे कुणी जात नाही.

वाघोलीकडच्या जुन्या दगडखाणींबद्दल तुम्ही विचारलंय. तिथे लोकांनी आणून टाकलेला रूपचंद, मत्स्यालयातला सकर असं काहीही लागतं. मी आता जात नाही. कडा सरळ तुटलेली असते, घसरलं तर वर यायला पकड नाही. आफ्रिकन मांगूर लागला तर परत पाण्यात टाकू नका. बंदी असलेला मासा आहे तो, आणि राहील तिथलं सगळं खातो.

महसीर, म्हणजे आपला खुद्री. 1839 मध्ये साइक्स नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने नाव देऊन नोंदवला तो पुण्याच्या मुळा-मुठेतलाच. आज शहराखालच्या त्या पाण्यात जलपर्णी बघायची फक्त. लोणावळ्याला वळवणच्या केंद्रात टाटांनी कित्येक वर्षं महसीरची पिल्लं तयार करून जागोजागी सोडलीत, म्हणून एखाद्या जलाशयात तो अजूनही लागतो. लागला तर सोडा. इंद्रायणीवर देहू, महाडजवळ वाळणकोंड अशा देवाच्या डोहांवर तर गळ घेऊन उतरूही नका. तिथे माशाला चुरमुरे घालतात, गळ नाही.

कोयनेचा शिवसागर अभयारण्यात येतो, तिकडे जाऊ नका. सांगलीच्या बाजूला, औदुंबर-भिलवडी पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत. तिथे कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून गरवणारा एक महाभाग मी स्वतः पाहिलाय. आणि धरणाखालच्या पात्रात बसलात तर विसर्गाची बातमी बघून बसा. भोंगा वाजेपर्यंत थांबणारे पुढे पेपरात दिसतात.

पावसाचे पहिले दोन महिने मी गळ बाहेर काढत नाही. चढणीचे (अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढणारे) मासे धरण्यात मजा असते हे मला माहीत आहे, लहानपणी ओढ्यावर मीही पाटी लावून धरलेत. पण त्या माशांच्या पोटात गाभोळी (अंडी) असते आणि ओढ्यात आता पूर्वीइतके मासे नाहीत. यावर इथे भांडण होणार, होऊ दे.

तुटलेली तंगूस गोळा करून घरी न्या. भिगवणला पाणपक्ष्याच्या पायात गुंतलेली तंगूस मी स्वतः कापून काढलीय आणि ती कुणातरी आपल्यातल्याचीच होती.

तुमच्या वाकडपासून सुरुवात कुठे करायची ते व्यक्तिगत निरोपात सांगतो, उघड लिहीत नाही. पहिली मरळ लागली की फोटो इथे टाका, फक्त मागचा डोंगर दिसू देऊ नका.